बालेवाडीतून हललेलं बिऱ्हाड

पुण्याला टीम लाभत नाही, असं आमच्याकडे म्हणतात. म्हणणारे बहुतेक क्रिकेटवाले. त्यांची यादी २०११च्या पुणे वॉरियर्सपासून सुरू होते आणि रायझिंग पुणे सुपरजायंटवर संपते. ती टीम २०१७चा अंतिम सामना एका धावेनं हरली आणि पुढच्या वर्षी उरलीच नाही. फुटबॉलची यादी याहून लांब आहे, पण ती पाठ असलेली माणसं कमी. पुणे एफसी, भारत एफसी, डीएसके शिवाजियन्स, एफसी पुणे सिटी. यातल्या भारत एफसीचं तर जेमतेम बारसं झालं होतं. २०१५मध्ये आय-लीगचा, म्हणजे तेव्हाच्या देशातल्या वरच्या श्रेणीच्या फुटबॉल लीगचा, एक हंगाम खेळला, तळाला राहिला आणि गेला.

मला खरं वाईट वाटतं ते पुणे एफसीचं. पिरामल समूहानं २००७मध्ये सुरू केलेला हा क्लब २०१२-१३च्या आय-लीगमध्ये चर्चिल ब्रदर्सच्या मागोमाग दुसरा आला होता, आणि शहरातल्या निम्म्या लोकांना त्याचा पत्ताही नव्हता. पण त्याच्यावर कधीतरी वेगळं लिहीन. आज चौथ्याबद्दल. एफसी पुणे सिटी हा क्लब २०१९मध्ये बंद झाला असं कागद म्हणतात. प्रत्यक्षात त्यानं बिऱ्हाड हलवलं. इंडियन सुपर लीगमधली, म्हणजे आयएसएलमधली त्याची जागा, त्याचा प्रशिक्षक आणि बरेचसे खेळाडू हैदराबादला गेले, नाव बदलून हैदराबाद एफसी झाले. पुढे तिथूनही गाशा गुंडाळला गेला. २०२५पासून तीच जागा दिल्लीत, स्पोर्टिंग क्लब दिल्ली या नावानं आहे.

सहा वर्षांत तीन शहरं. आणि या सगळ्या काळात पुण्यात एकही मोर्चा निघाला नाही, कुणी कुठल्या फाटकाबाहेर घोषणा दिल्या नाहीत. मी स्वतः सामने बघायला जायचो, तरी मलाही रस्त्यावर उतरावंसं वाटलं नाही. का वाटलं नाही, हा प्रश्न मात्र अजून डोक्यातून जात नाही.

आयएसएल सुरू झाली तेव्हा, २०१४मध्ये, पुण्याच्या टीमचे मालक होते वाधवान समूह आणि हृतिक रोशन. पहिल्या वर्षीचा मोठा खेळाडू डेव्हिड ट्रेझेगे. युरो २०००च्या, म्हणजे युरोपातल्या देशांच्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात इटलीविरुद्ध सुवर्ण गोल, म्हणजे जादा वेळेत सामना तिथेच संपवणारा गोल, मारणारा फ्रान्सचा माणूस बालेवाडीत खेळतोय, यावर माझा आधी विश्वासच बसेना. पहिल्याच मुंबई-पुणे लढतीत मुंबईनं ५-० असं धुतलं, आंद्रे मोरित्झनं हॅट्ट्रिक मारली. मुंबईचे मेहुणे त्या आठवड्यात रोज फोन करायचे. एरवी आमचं बोलणं दिवाळीला व्हायचं.

बालेवाडीला जाणं हा एक स्वतंत्र उद्योग होता. १९९४च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभारलेलं ते संकुल तेव्हाही गावाबाहेर होतं, आणि नंतर गाव त्याच्याभोवती वाढलं तरी पोचणं सोपं झालं नाही. आम्ही कोथरूडचे. चांदणी चौकातून हायवेला लागायचं, ट्रकच्या मागे ट्रक, आणि सामना संध्याकाळी ऑफिसं सुटायच्या वेळी. विद्यापीठ चौकाकडून येणाऱ्यांचे हाल तर विचारू नका. पहिला अर्धा तास बघायला मिळाला नाही, तरी कुणी फारशी तक्रार करायचं नाही. माझा भाचा निहार तेव्हा शाळेत होता. त्याच्याकडे नारिंगी जर्सी होती, ती त्यानं इतकी वापरली की नंबर उडून गेला. 'ऑरेंज आर्मी' नावाचा चाहत्यांचा गट एका कोपऱ्यात ढोल घेऊन बसायचा. ढोल म्हटल्यावर पुण्यात वादक कमी पडत नाहीत. नव्वद मिनिटं न थांबता वाजवायचे. गणपतीची तालीम चाललीये असं वाटायचं, आणि काहींची खरंच तीही होत असेल.

क्लबाचं एकच वर्ष खऱ्या अर्थानं चांगलं गेलं. २०१७-१८. प्रशिक्षक रांको पोपोविच, आघाडीला एमिलियानो अल्फारो, आणि त्याच्या मागे मार्सेलिन्हो. मार्सेलिन्होबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण ही सगळी गोष्ट एका माणसाच्या पायावर लिहायची तर तो माणूस हाच. ब्राझीलचा, डाव्या पायाचा, वरवर आळशी वाटणारा. तिसाव्या मिनिटापर्यंत तो मैदानावर आहे की नाही अशी शंका यावी आणि मग एक चेंडू असा टाकावा की शेजारचा अनोळखी माणूस आपल्या मांडीवर थाप मारतो. त्या वर्षी पुणे पहिल्यांदा उपांत्य फेरीत गेलं. बंगळुरूविरुद्ध बालेवाडीत ०-०. परतीच्या लढतीत सुनील छेत्रीनं तीन गोल मारले, ३-१, संपलं. त्या रात्री निहार जेवला नाही. मला वाटतं, क्लब आपला व्हायला ज्या गोष्टी लागतात त्यांतली पहिली त्या रात्री झाली होती: एक अशी हार, जी वर्षभर मनात राहील. अशा आणखी पाच-सहा लागतात. मग सोडू म्हटलं तरी सुटत नाही. आम्हाला ती मुदत मिळाली नाही.

पुढचं वर्ष घसरणीचं. मधेच प्रशिक्षक बदलला, इंग्लंडचे फिल ब्राउन आले. मालकांकडे पैशांची चणचण आहे हे सगळ्यांना दिसत होतं. वाधवानांच्या डीएचएफएल या गृहकर्ज देणाऱ्या कंपनीचं संकट २०१९मध्ये वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर होतं. ऑगस्टच्या अखेरीस बातमी आली. पुणे सिटीची जागा हैदराबादचे उद्योजक विजय मद्दुरी आणि केरळ ब्लास्टर्सचे माजी मुख्य कार्यकारी अधिकारी वरुण त्रिपुरनेनी यांनी घेतली होती. त्याच आठवड्यात दुसरी बातमी: दिल्ली डायनामोजही दिल्ली सोडून भुवनेश्वरला चालले, आता ते ओडिशा एफसी. दहा टीमच्या लीगमधल्या दोन टीमनी एका आठवड्यात पत्ता बदलला, आणि वेळापत्रकाला धक्का लागला नाही.

हे होऊ शकतं, कारण अशा लीगमध्ये क्लब म्हणजे मुळात एक जागा असते. लीग चालवणारी कंपनी तेव्हा दहा जागा ठरवायची, मालक शुल्क भरून त्यातली एक घ्यायचा, ती कुठल्या शहराच्या नावानं चालवायची हे ठरायचं. खाली घसरून दुसऱ्या श्रेणीत जायची भानगड तेव्हा नव्हती, खालून कुणी वर येत नव्हतं. पुण्यातल्या माणसाला हे समजवायला फार शब्द लागू नयेत. अर्धं शहर अकरा महिन्यांच्या करारावर राहतं. भाडेकरू कितीही चांगला असो, दारावर नावाची पाटी लावो, गॅलरीत तुळस ठेवो, एक दिवस टेम्पो येतो. सोसायटीत दोन दिवस चर्चा होते आणि मग नवीन कोण आलं याची होते. आम्ही मात्र त्या पाटीला मालकी समजलो होतो. तिच्यावर 'पुणे सिटी' लिहिलं होतं, त्याला आम्ही तरी काय करणार?

आता त्या वर्षातला सर्वांत विचित्र प्रसंग. भुवनेश्वरच्या कलिंगा स्टेडियमचं काम चालू होतं, त्यामुळे ओडिशा एफसीला सुरुवातीचे घरचे सामने खेळायला मैदान नव्हतं. त्यांनी कुठलं मैदान घ्यावं? बालेवाडीचं. आणि डिसेंबर २०१९मध्ये त्या मैदानावर त्यांच्याशी खेळायला पाहुणे म्हणून कोण यावं? हैदराबाद एफसी. म्हणजे दिल्लीहून उठून भुवनेश्वरला निघालेली, पण अजून तिथे न पोचलेली टीम पुण्यात यजमान होती. आणि पुण्याहून हैदराबादला गेलेली टीम त्याच पुण्यात, त्याच मैदानावर पाहुणी.

निहारला घेऊन गेलो. तिकिटासाठी रांग नव्हती, स्टँड बरेचसे रिकामे. पाहुणे पिवळ्या-काळ्या कपड्यांत आले. त्यांत मार्सेलिन्हो, मार्को स्टॅन्कोविच, निखिल पुजारी, आदिल खान हे सगळे आमच्याकडचे चेहरे. बाहेरच्या रेषेजवळ फिल ब्राउन. निहार नारिंगी जर्सी घालून आला होता, त्या स्टेडियममध्ये तो रंग त्या दिवशी कुणाचाच नव्हता.

"मामा, आपण कुणाच्या बाजूनं?" त्यानं विचारलं.

"तू कुणाच्या?"

"मला ते आवडत नाहीत," हैदराबादकडे बोट दाखवून तो म्हणाला. मग थोड्या वेळानं, "पण मार्सेलिन्होनं गोल मारला तर मी ओरडणार."

ओडिशा ३-२ नं जिंकली. सामना चांगला झाला, फुटबॉल म्हणून बघितलं तर पुणे सिटीच्या कितीतरी सामन्यांपेक्षा चांगला. पण बघणारे आम्ही सगळे लग्नात चुकून दुसऱ्याच्या मांडवात शिरल्यासारखे बसलो होतो. जेवण उत्तम, आहेर कुणाला द्यायचा कळत नाही. परत येताना गाडीत निहारनं मला हिशेब करून दाखवला. मार्सेलिन्हो २०१६मध्ये दिल्ली डायनामोजकडून खेळला होता, त्या वर्षी लीगमध्ये सर्वाधिक गोल त्याचेच. मग पुणे. मग हैदराबाद. आणि पुढच्या वर्षी, २०२०मध्ये, तो गेला ओडिशाला. दोन बिऱ्हाडांचे जुने-नवे चारही पत्ते पाहिलेला दुसरा माणूस मला माहीत नाही. पोस्टमनला तरी एवढं फिरावं लागत नाही.

इंग्लंडमध्ये असंच एकदा झालं होतं, आणि तिथे लोक गप्प बसले नाहीत. विम्बल्डन म्हटल्यावर आपल्याला टेनिस आठवतं. पण दक्षिण लंडनच्या त्या भागातला विम्बल्डन एफसी हा १८८९मध्ये सुरू झालेला क्लब. बहुतेक आयुष्य त्यानं हौशी आणि खालच्या श्रेणीतल्या लीगमध्ये काढलं. १९७७मध्ये फुटबॉल लीगमध्ये आला, नऊ वर्षांत सर्वोच्च श्रेणीत पोचला, आणि १९८८मध्ये एफए कप या इंग्लंडच्या जुन्या बाद पद्धतीच्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात त्या काळच्या बलाढ्य लिव्हरपूलला १-० हरवलं. त्या सामन्यात गोली डेव्ह बीझंटनं पेनल्टी अडवली होती. क्लबाचं मैदान, प्लाउ लेन, लहान आणि जुनाट होतं. १९९१मध्ये ते सोडून त्यांनी क्रिस्टल पॅलेस या दुसऱ्या क्लबाच्या मैदानावर भाड्यानं आसरा घेतला. दहा वर्षं बिनमैदानाची गेली.

मग मालकांनी ठरवलं की क्लब मिल्टन कीन्स या शहरात न्यायचा. नव्वदेक किलोमीटर उत्तरेला, युद्धानंतर आखून वसवलेलं शहर, ज्याला स्वतःचा व्यावसायिक क्लब नव्हता. तिथे नवं स्टेडियम, सोबत मोठी दुकानं, असा सगळा आराखडा तयार होता. चाहत्यांनी प्रचंड विरोध केला. प्रकरण तीन जणांच्या समितीपुढे गेलं आणि मे २००२मध्ये समितीनं दोन विरुद्ध एक अशा मतांनी परवानगी दिली. अहवालात त्यांनी असंही लिहिलं, की चाहत्यांनी नवा क्लब काढून तळापासून सुरुवात करणं फुटबॉलच्या व्यापक हिताचं होणार नाही. हे वाक्य चाहते आजतागायत टोमणा म्हणून वापरतात.

कारण त्यांनी नेमकं तेच केलं. काही आठवड्यांत एएफसी विम्बल्डन हा क्लब काढला. खेळाडू निवडायला विम्बल्डन कॉमनच्या उघड्या मैदानावर चाचण्या ठेवल्या, ज्याला यायचं त्यानं यावं. अगदी खालच्या, जिल्हास्तरासारख्या लीगमध्ये जागा मिळाली. आणि लोक तिथे बघायला गेले. जुना क्लब अजून लंडनमध्येच खेळत होता, वरच्या श्रेणीत, पण स्टँड ओस. इकडे या नव्या क्लबाचे, नवव्या श्रेणीतले सामने बघायला हजारो माणसं. २००३च्या सप्टेंबरमध्ये जुना क्लब खरोखर मिल्टन कीन्सला गेला, वर्षभरानं नाव बदलून एमके डॉन्स झाला. इकडे एएफसी विम्बल्डन एकेक पायरी चढत २०११मध्ये फुटबॉल लीगमध्ये पोचला. नऊ वर्षं. पुढे ते आणि एमके डॉन्स एकाच श्रेणीतही खेळले. दरम्यान २००७मध्ये एमके डॉन्सनं जुन्या इतिहासावरचा हक्क सोडला आणि १९८८च्या चषकाची प्रतिकृती मर्टनला, म्हणजे विम्बल्डन ज्यात येतं त्या परगण्याला परत दिली. मला या गोष्टीतला सर्वांत आवडणारा भाग हा. मैदान गेलं, खेळाडू गेले, लीगमधली जागा गेली. पण एका चषकाच्या नकलेसाठी लोक पाच वर्षं भांडत राहिले.

नोव्हेंबर २०२०मध्ये एएफसी विम्बल्डन प्लाउ लेनवर, जुन्या मैदानापासून हाकेच्या अंतरावर बांधलेल्या स्वतःच्या स्टेडियममध्ये परतला. त्यासाठी चाहत्यांनी स्वतःच्या खिशातून रोखे विकत घेऊन लाखो पौंड उभे केले होते. आणि पहिला सामना, डॉनकास्टरशी २-२, कोरोनामुळे प्रेक्षकांविना झाला. एकोणतीस वर्षं ज्याची वाट पाहिली ते घरी टीव्हीवर बघावं लागलं. इतका फुटक्या नशिबाचा माणूसही विरळा.

ही गोष्ट फुटबॉलप्रेमी एकमेकांना हिरिरीनं सांगतात, मीही सांगत आलो. पण ती सांगून पुणेकरांना कमी लेखणं मला पटत नाही. विम्बल्डनकडे शंभरावर वर्षं होती. आजोबांनी नातवाला नेलेलं मैदान होतं. आमच्याकडे पाच हंगाम, आणि आयएसएलचे पहिले हंगाम तर जेमतेम सव्वादोन-अडीच महिन्यांचे. नावाला पाच वर्षं, प्रत्यक्ष सहवास काय असणार? २०१८मध्ये कावेरीच्या आंदोलनामुळे चेन्नई सुपर किंग्जला आपले सामने चेन्नईहून गहुंज्याला आणावे लागले होते, तेव्हा चेन्नईहून चाहत्यांची अख्खी आगगाडी पुण्यात आली होती. पिवळे कपडे घातलेली ती गर्दी मी पुणे स्टेशनवर पाहिली. पुढच्या वर्षी पुण्याहून सिकंदराबादला जाणारी शताब्दी नेहमीसारखी सुटली. तिच्यात नारिंगी जर्सी घालून कुणी बसल्याचं मी तरी ऐकलं नाही. याचा अर्थ आमचं प्रेम खोटं होतं असा होत नाही. ते कोवळं होतं, आणि कोवळ्या वयात उपटलं की मुळाचा आवाज होत नाही.

माझा राग मालकांवरही फारसा नाही. पैसे संपले की माणूस विकतो. राग असलाच तर तो या रचनेवर आहे, जिच्यात शहराला कुणी विचारायचं असतं हे कुणाच्या ध्यानीमनीही नाही. क्लब विकताना मालक होते, विकत घेणारे होते, लीग होती. ज्यांच्या नावावर तो विकला जात होता ते शहर त्या खोलीत नव्हतं. विम्बल्डनच्या चाहत्यांविरुद्ध निकाल गेला, पण निदान त्यांना सुनावणी मिळाली.

आणि हैदराबादनं आमचं काही चोरलं, असं तर मी कधीच म्हणणार नाही. फुटबॉलवर त्या शहराचा हक्क आमच्यापेक्षा जुना आहे. सय्यद अब्दुल रहीम तिथले. १९५६च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथी आलेली आणि १९६२च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकलेली भारतीय टीम त्यांनी घडवली. त्यांच्या हैदराबाद सिटी पोलिसांनी १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षं मुंबईला येऊन रोव्हर्स कप ही फुटबॉलची मानाची स्पर्धा जिंकली. मुंबईच्या कूपरेज मैदानावर ते सामने पाहिलेले एक शेजारी आमच्या लहानपणी होते. पोलिसांची ती टीम कशी पास द्यायची हे ते चहाच्या टेबलावर साखरेचा डबा आणि बशा सरकवून दाखवायचे. त्या शहरात व्यावसायिक क्लब येतो म्हणजे फार उशिरा येतो, असंच मला वाटलं. येऊन पहिल्या वर्षी ते तळाला राहिले, फिल ब्राउनना मधेच निरोप मिळाला. मग मनोलो मार्केस नावाचे स्पॅनिश प्रशिक्षक आले आणि टीम बदलली.

२० मार्च २०२२. आयएसएलचा अंतिम सामना, हैदराबाद विरुद्ध केरळ ब्लास्टर्स, गोव्यात फातोर्ड्याला. कोरोनामुळे तो आणि त्याआधीचा असे दोन्ही हंगाम पूर्णपणे गोव्यात खेळवले गेले होते. म्हणजे हैदराबादची टीम दोन वर्षं हैदराबादेत एकही लीग सामना न खेळता अंतिम फेरीत आली होती. स्टेडियम केरळच्या लोकांनी भरलेलं. अडुसष्टाव्या मिनिटाला राहुल के. पी.नं केरळला पुढे नेलं. अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला साहिल ताव्होरानं लांबून मारलेला फटका जाळ्यात; ताव्होरा गोव्याचाच पोरगा. १-१, जादा वेळ, मग पेनल्टी.

हैदराबादचा गोली लक्ष्मीकांत कट्टीमणी, तोही गोव्याचा. याच फातोर्ड्यावर, डिसेंबर २०१५च्या अंतिम सामन्यात तो एफसी गोवाकडून खेळत होता. गोवा २-१ असं पुढे, नव्वदावं मिनिट, आणि चेंडू कट्टीमणीच्या हातांना लागून त्याच्याच जाळ्यात गेला. दोन मिनिटांत चेन्नईयिननं आणखी एक मारला आणि चषक नेला. आपल्याच गावात, आपल्याच लोकांसमोर. त्यानंतर सव्वासहा वर्षांनी त्याच मैदानावर त्यानं केरळच्या तीन पेनल्टी अडवल्या. हैदराबाद ३-१ नं जिंकलं. मी घरी टीव्हीसमोर उभा राहून टाळ्या वाजवत होतो, आणि त्या टाळ्या हैदराबादसाठी नव्हत्या, पुण्यासाठी तर नव्हत्याच. त्या टीममध्ये बालेवाडीत आमच्यासमोर धावलेला मुंबईचा निखिल पुजारी होता, कोल्हापूरचा अनिकेत जाधव त्या हंगामात त्यांच्याकडे होता. कुठल्या शहराचा विजय म्हणायचा हा? चषकावर हैदराबादचं नाव लागलं आणि ते योग्यच झालं.

त्याच उन्हाळ्यात आम्ही कोल्हापूरला गेलो होतो. निहारला शाहू स्टेडियमवरचा सामना बघायचा होता, आणि पाटाकडील तालीम आणि दिलबहारच्या पोरांच्या चर्चा ऐकून मलाही. ज्यांनी ते पाहिलं नाही त्यांना सांगून पटत नाही. तिथे टीम पेठेच्या तालमीची असते. आधी तालीम, मग फुटबॉल. सामन्याच्या दिवशी पेठेतल्या रिक्षांवर झेंडे, कट्ट्यावर आदल्या सामन्याचा पंचनामा, बायका-पोरांसकट सगळ्यांना डाव्या बगलेचा खेळाडू कोण ते ठाऊक. हुल्लडबाजी होते, सामने थांबतात, पोलिस येतात. त्याचं कौतुक करायचं कारण नाही. खेळाडू या तालमीतून त्या तालमीत जातात, आफ्रिकेतून आलेली मुलंही खेळतात. पण टीम?

स्टँडमध्ये शेजारी एक आजोबा होते, डोक्याला तालमीच्या रंगाचा पंचा. निहारनं त्यांना विचारलं, "आजोबा, समजा तुमची टीम कुणी विकत घेतली आणि दुसऱ्या गावाला नेली तर?"

त्यांना प्रश्न कळलाच नाही. त्यानं पुन्हा विचारला.

"न्हेतंय कुठं?" ते म्हणाले. "तालीम हितंच हाय की." आणि पुन्हा पंचाला शिव्या द्यायला लागले.

रस्त्यात निहार बराच वेळ खुशीत होता. मग म्हणाला, "पण मामा, अनिकेत जाधवला इथून बाहेर पडावंच लागलं ना." खरं आहे. सतरा वर्षांखालचा विश्वचषक खेळायला, पगार घेऊन फुटबॉल खेळायला, त्याला पेठ सोडून जावं लागलं. तालीम त्याला प्रेम देऊ शकते, करार नाही. करार देऊ शकणारे क्लब जागेवर टिकत नाहीत. या दोन्हींच्या मधलं काहीतरी महाराष्ट्रात उभं राहायला हवं होतं आणि पुणे एफसीच्या वेळी ते उभं राहील असं क्षणभर वाटलं होतं. तो क्लब अकादमी चालवायचा, स्थानिक मुलं घ्यायचा. ती अकादमी पुढे पुणे सिटीनं घेतली. नंतर पुणे सिटीच गेला.

हैदराबादचं पुढे काय झालं ते थोडक्यात. २०२२-२३मध्ये ते साखळी फेरीत दुसरे आले. पुढच्या वर्षी पैसे संपले. पगार थकले, फिफानं नव्या खेळाडूंच्या नोंदणीवर बंदी घातली, एकेक करून खेळाडू निघून गेले, आणि पोरसवदा टीम घेऊन उरलेला हंगाम काढावा लागला. अख्ख्या हंगामात एक विजय. २०२४मध्ये बी. सी. जिंदल समूहानं क्लब घेतला. आम्ही पुण्यात हा चित्रपट आधी पाहिलेला होता, त्यामुळे पुढचं दृश्य ओळखता येत होतं.

निहारला नोकरी लागली ती नेमकी हैदराबादला, गच्चीबोलीत. आयटीतल्या मराठी पोरांचं ते आता दुसरं हिंजवडी आहे. आणि बालयोगी स्टेडियम तिथेच, त्याच्या ऑफिसपासून जवळ. टीम तळाच्या आसपास रखडत होती, तरी तो जायचा. "कुणीच नसतं मामा," तो फोनवर सांगायचा, "पण एक गट आहे, डेक्कन लीजन म्हणतात स्वतःला. नव्वद मिनिटं ओरडतात. मी सांगितलं त्यांना, मी पुण्याचा. एकानं मला चहा पाजला." त्या पोरांना नेमकं काय वाटलं असेल कुणास ठाऊक, पण पुण्याच्या माणसाला चहा पाजायची बुद्धी व्हावी इतपत त्यांना इतिहास ठाऊक होता.

२०२५मध्ये जाहीर झालं की टीम दिल्लीला चालली. ज्या दिल्लीनं २०१९मध्ये आपली टीम भुवनेश्वरला जाताना पाहिली, तिला सहा वर्षांनी दुसऱ्याची मिळाली. हैदराबादेत चाहत्यांनी समाजमाध्यमांवर राग काढला, काहींनी अनावर होऊन काढला. आमच्यापेक्षा जास्त, विम्बल्डनपेक्षा कमी. त्यांच्याकडे सहा वर्षं होती आणि एक चषक.

त्या रात्री निहारचा फोन आला. मला वाटलं चिडला असेल.

"मामा, दिल्लीत आमच्या कंपनीचं ऑफिस आहे," तो म्हणाला. "बदली मागू का?"

"मग भाड्याचं घर बघ," मी म्हटलं, "पण डिपॉझिट जास्त देऊ नकोस."